सरकारने खाजगी शाळांना आमच्या टॅक्समधून अनुदान का द्यावं?

हाच प्रश्न माझ्या साडूने एका बारशाला सगळ्या पाहुण्यांसमोर विचारला होता, "संस्था काढायच्या यांनी आणि पोसायचं आम्ही?" तेव्हा मी गप्प बसलो, ते अजून सलतंय.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. २००५ ला लागलो तेव्हा शाळेची मान्यता 'कायम विनाअनुदानित' होती, म्हणजे सरकारकडून पगाराचा पैसा कधीच मिळणार नाही या अटीवर. २००९ ला सरकारने त्यातला 'कायम' शब्द काढला, आम्ही पेढे वाटले, मग मूल्यांकन, त्रुटी, परत प्रस्ताव असं करत करत २० टक्के पगार-अनुदानाचा जीआर निघायला सप्टेंबर २०१६ उजाडला. अकरा वर्षं बिनपगारी! दिवसभर शाळा आणि संध्याकाळी सहा ते दहा मेडिकलच्या काउंटरवर. एकदा नववीतला पोरगा वडिलांसोबत खोकल्याचं औषध घ्यायला आला. गर्दी होती, वडील माझ्यावर खेकसले, "ए, आवर की लवकर." पोराने त्यांचा शर्ट ओढला आणि हळूच म्हणाला, "आमचे सर आहेत ते." मी बाटली कागदात गुंडाळली, सुट्टे दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात तो माझ्याकडे बघत नव्हता, पण कुणाला एका शब्दाने बोलला नाही.

आता तुमचं. अनुदान संस्थाचालकाच्या खिशात जात नाही, पगार शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात पडतो. वेतनेतर अनुदान अगदीच किरकोळ. बदल्यात पटावरच्या मुलांवरून शिक्षक किती ते सरकार संचमान्यतेत ठरवतं, आरक्षणाचं रोस्टर पाळावं लागतं, मनमानी फी लावता येत नाही. आणि जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावात फार तर सातवी-आठवीपर्यंत असते, पुढची पोरं जाणार कुठे? १९१९ ला कर्मवीर भाऊरावांनी रयत काढली, तशा संस्थांमुळेच खेड्यात हायस्कूल पोचलं, हे काम सरकारचं होतं आणि ते दुसऱ्यांनी केलं, मग पगार सरकारनेच द्यायचा. साडू स्वतः अशाच अनुदानित शाळेत दहावी झाला, त्याच्या गणिताच्या सरांचं नाव आजही हात जोडून घेतो, त्या सरांचा पगार लोकांच्या टॅक्समधूनच व्हायचा. तुम्हीही घरात विचारून बघा कोण कुठे शिकलं ते.

हां, नोकरी लावायला लाखो रुपये घेणारे संस्थाचालक आहेत, मी नाकारत नाही. २०११ च्या पटपडताळणीत खोटा पट दाखवणाऱ्या शाळाही सापडल्या. अशांचं अनुदान खुशाल बंद करा, पण त्यांच्यापायी प्रामाणिक शाळेतला मास्तर उपाशी ठेवू नका.

आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खाली खाजगी शाळेत गरीब, वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांबद्दल विचारत असाल तर तो विषय वेगळा, तिथे अनुदान नसतं, त्या मुलांची फी सरकार शाळेला परत देतं आणि तीही थकवतं.