खोली केवढी आणि चपला किती

गेल्या अंकात जपानच्या साकुराबद्दल, म्हणजे चेरीच्या बहराबद्दल, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत फुलांची चौकशी एकाच वाचकाने केली, बाकी सगळ्यांना घोर लागलाय तो राहायचं कसं याचा. बरोबरच आहे, फुलं रस्त्यात उभं राहूनही बघता येतात. मी पुण्यात तीस वर्षं जपानी शिकवलं, विद्यार्थ्यांचे गट नेले, घरच्यांनाही नेलं, आणि तिकडच्या हॉटेलांत करता येतील त्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, पहिल्यांदाच परदेशी निघालोय. मुलाने टोकियोत पाच रात्रींसाठी खोली घेतली आहे. त्यावर ‘सेमी डबल, १३ चौरस मीटर’ असं लिहिलंय. ह्यांचं म्हणणं, आपलं स्वयंपाकघर याहून मोठं आहे, मुलाला कुणीतरी फसवलं. मुलगा म्हणतो, तिथे असंच असतं. बरोबर मोठ्या दोन बॅगा आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : फसवलं कुणी नाही, पण खोली बदलून घ्या. १३ चौरस मीटर म्हणजे १४० चौरस फूट, न्हाणीघर धरून. तिथल्या बिझनेस हॉटेलात ही अगदी सर्वसाधारण खोली. खोलीचं मला काही वाटत नाही, रात्री साडेनऊला पाय दुखत परत आल्यावर चौरस फूट कोण मोजतंय? मोजायची असते ती पलंगाची रुंदी. ‘सेमी डबल’ म्हणजे १२० सेंटिमीटर, आपले चार फूट. हॉटेलवाले तो दोघांना देतात, जपानी जोडपी झोपतातही.

एका वर्षी क्योटोत मी नि माझ्या जाऊबाई अशा पलंगावर तीन रात्री काढल्या. ‘डबल’ हा शब्द वाचला, ‘सेमी’कडे काणाडोळा केला. एकीने कूस बदलायची तर दुसरीला उठवावं लागायचं. भिंतीकडे मी होते, त्यामुळे रात्री उठायचं झालं की जाऊबाईंना ओलांडून. त्या स्वभावाने गरीब, तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी ओसाकाच्या खोलीत दोन वेगळे पलंग दिसले तेव्हा त्यांनी बॅगही न उघडता त्यातला एक गाठला. तेव्हा मुलाला सांगा, ‘ट्विन’ बघ. दोन स्वतंत्र पलंग, दोन-तीन चौरस मीटर जागा जास्त, आणि संसार सुखाचा.

न्हाणीघराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गुडघे दुखत असतील तर हे वाचा. टब, बेसिन आणि कमोड एकाच साच्यातून काढल्यासारखं प्लास्टिकचं न्हाणीघर असतं, त्याला तिकडे ‘युनिट बाथ’ म्हणतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकसाठी न्यू ओटानी हॉटेल घाईने उभं करायचं होतं, हजारावर खोल्या होत्या. एकेक न्हाणीघर जागेवर बांधत बसलो तर खेळ उरकून जातील, म्हणून ती कारखान्यात तयार करून आणून बसवली. तेव्हापासून ती देशभर पसरली. अडचण अशी की दाराशी चांगली वीतभर पायरी असते, आणि आंघोळीला टबची उंच कड ओलांडून आत जावं लागतं. बादली नसते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा, बाहेर राहिला तर कमोडपर्यंत तळं. आरक्षण करताना ‘बाथ-टॉयलेट वेगळं’ असलेली खोली मिळते का ते मुलाला बघू द्या. धुण्याच्या फवाऱ्याची मात्र काळजी नको. कमोडलाच तो असतो, आणि पाणी कोमट. या एका बाबतीत जपानइतकं माहेर दुसऱ्या कुठल्या परदेशात नाही.

आता बॅगा. दोन्ही एकदम उघडायला जमीन पुरणार नाही, एक पलंगाखाली सरकवा. टोकियोहून पुढच्या गावी जाताना त्या हॉटेलच्या काउंटरवर द्या नि म्हणा, ‘ताक्युबिन’. ते पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून घेतात, बॅग साधारण दुसऱ्या दिवशी तिथे पोचते. मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. ही सोय १९७६ सालापासून आहे आणि जपानी माणूसही सर्रास वापरतो. शिंकान्सेनच्या, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनच्या, ओसाकाकडच्या गाड्यांत लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेला जागा आधी राखून ठेवावी लागते, तो घोळही वाचतो. एका रात्रीचे कपडे नि औषधं तेवढी पाठीवरच्या पिशवीत ठेवा. औषधं बॅगेतून पुढे पाठवून रात्री साडेदहाला रक्तदाबाची गोळी शोधणारे गृहस्थ माझ्या गटात होते.

प्रश्न : हाकोनेला एका पारंपरिक हॉटेलची किंमत १८ हजार येन दिसली म्हणून मी मेल पाठवली. उत्तर आलं, दोघांचे ३६ हजार. ही लबाडी नव्हे का? आणि दुसरीकडे एका माणसाची खोली घेऊन दोघं राहिलो तर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लबाडी नाही, रीत आहे. रयोकान, म्हणजे त्यांची पारंपरिक पांथशाळा, भाव माणशी सांगते, कारण त्यात रात्रीचं नि सकाळचं जेवण धरलेलं असतं. आपल्याकडे मंगल कार्यालयात ताटाचा भाव असतो, तसंच हे. आंतरराष्ट्रीय संकेतस्थळांवर बहुधा खोलीचा भाव दिसतो, जपानी संकेतस्थळांवर माणशी. कुठला दिसतोय ते आधी बघायचं. तुमचं आरक्षण रद्द करायचं झालं तर लवकर करा. स्वयंपाकाचं सामान तुमच्या नावाने आणलेलं असतं, आदल्या दिवशी कळवलंत तर बरेच पैसे कापले जातील. व्हिसाच्या अर्जात कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते लिहून द्यावं लागतं, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारीच आरक्षणं ठेवा.

एकाच्या खोलीत दोघं? मुळीच नको. पासपोर्ट दोघांचे मागतात आणि त्यांची प्रत काढून ठेवतात, तो तिथला नियमच आहे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. हॉटेलला ‘व्हेजिटेरियन’ असं कळवलं, त्यांचा होकार आला. एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो. ‘व्हेजिटेरियन’ला होकार देणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा नसलेलं ताट असतं. त्यात मासा असू शकतो, आणि मासा नसला तरी दाशी असतंच. दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं. सकाळचं मिसो सूप, उकडलेली भाजी, सॉसची वाटी, सगळ्यात ते. दिसत नाही, त्यामुळे वाढणाऱ्याच्या मनातही येत नाही. मेलमध्ये हे वाक्य रोमन लिपीत लिहा, आणि काउंटरवरही म्हणा : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु.’ मांस नि मासे खात नाही, बोनिटोचं दाशीही चालत नाही. आठवडाभर आधी कळवलंत तर काही ठिकाणी जमवतात. दारात उभं राहून सांगितलंत तर भात, लोणचं आणि खूप माफी मिळेल. नाहीतर सरळ ‘सुदोमारी’ घ्या, म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम.

पण सासूबाई बरोबर आहेत तर माझं ऐका, एक रात्र कोयासानला काढा. ओसाकाच्या नांबा स्थानकाहून आगगाडी, मग दोरावर ओढली जाणारी डोंगरगाडी, दोनेक तासांत ८०० मीटर उंचीवर. नवव्या शतकात कुकाई ऊर्फ कोबो दाइशी या भिक्षूने तिथे मठ स्थापला. आज शंभरावर मंदिरं आहेत, त्यातली पन्नासेक मंदिरं मुक्कामाला जागा देतात. त्याला म्हणतात शुकुबो. जेवण भिक्षूंचं, शोजिन र्‍योरी : मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बु या समुद्रवनस्पतीचं नि शिताके अळंब्यांचं. सासूबाईंना कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही, वर्ज्य काय ते त्या मठाने हजार वर्षांपूर्वीच ठरवलंय.

लाखेच्या लाल चौरंगांवर लहान लहान वाट्या येतात. तिळाचं गोमा-दोफु बघताना आपल्या खरवसासारखं थरथरतं, चव मात्र तिळाची आणि वर जरासं झणझणीत वासाबी. कोया-दोफु म्हणजे गोठवून वाळवलेलं सोयाचं पनीर, स्पंजसारखं, चावलं की रस तोंडात येतो. माझ्या आईला पहिल्या दिवशी सगळंच अळणी लागलं. दुसऱ्या सकाळी तिने पर्समधून मेतकूट काढलं, भातावर घातलं, आणि शेजारी बसलेल्या तरुण भिक्षूलाही चिमूटभर दिलं. त्याने ते खाऊन ‘कारे?’ असं विचारलं. जपानीत करीला ‘कारे’ म्हणतात. आई म्हणाली, कारे काय, मेतकूट रे!

सोय शहरी हॉटेलची नसते, तेवढं आधी सांगून ठेवते. कागदी सरकती दारं, शेजारच्या खोलीतलं घोरणं स्वच्छ ऐकू येतं. न्हाणीघर बहुतेक ठिकाणी सामाईक. एप्रिलमध्येही रात्री कडाक्याची थंडी. पैसे माणशी १५ हजार येन आणि पुढे. पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना, सक्ती नाही पण चुकवू नका. आणि ओकुनोइनच्या स्मशानातून जपानी देवदारांखालून चालताना दगडी स्तूपांवरची अक्षरं निरखून बघा. ती सिद्धम् लिपी आहे, चिनी भिक्षूंकडून जपानला गेलेली आपली संस्कृत बीजाक्षरं. कुकाईच्या पंथात ‘आजिकान’ नावाचं ध्यान करतात, समोर एकच अक्षर ठेवून. ते अक्षर म्हणजे ‘अ’. मराठी शाळेत पाटीवर गिरवलेलं अक्षर तिथे पूजेला लावलेलं बघून आई बराच वेळ काही बोलली नव्हती.

प्रश्न : इथून इलेक्ट्रिक केटल नेऊन खोलीत खिचडी केली तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होणारच नाही. जपानची वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची केटल तिथे लावलीत तर तिची ताकद पाचव्या हिश्शाहून कमी होते. माझ्या एका विद्यार्थिनीने हट्टाने नेली होती, लिटरभर पाण्याला अर्धा तास लागला. पिन बदलणाऱ्या ॲडॉप्टरने फक्त भोकं जुळतात, व्होल्ट वाढत नाहीत. मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, त्याला काही होत नाही. खोलीत त्यांची केटल बहुधा असतेच. तिच्यात पाणी उकळून तयार उपमा-पोह्यांच्या डब्यात ओता, पण केटलमध्येच शिजवू नका. उद्या तिच्यात दुसऱ्या कुणाचातरी चहा व्हायचाय. आणि कच्चे डाळ-तांदूळ, ताजी फळं, कढीपत्ता असलं काही बॅगेत भरू नका, रोपं-धान्याच्या तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावरच काढून घेतील.

प्रश्न : टिप किती द्यायची?
– एक वाचक, अकोला

उत्तर : काही नाही. पलंगावर नोट ठेवून गेलात तर विसरली समजून कुणी मागे धावत येईल. मुक्कामाचा कर मात्र काउंटरवर वेगळा मागू शकतात. टोकियोत तो २००२पासून आहे, क्योटोत २०१८पासून, माणशी दर रात्रीचा आणि खोलीच्या भावानुसार चढत जाणारा. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आणखी साधारण १५० येन स्नानाचे.

प्रश्न : रयोकानमध्ये सगळ्यांसमोर विवस्त्र आंघोळ करतात हे खरं का? मला ते जमणार नाही. आणि किमोनोसारखं जे देतात ते घालायचं कसं, चपलांचं काय, सगळं एकदाच सांगा.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खरं आहे, पण बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. आधी ठेंगण्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग हौदात शिरायचं. हौद धुण्यासाठी नसतो, शेकण्यासाठी असतो. पाणी ४०–४२ अंश, पाच-सात मिनिटांत बाहेर या. लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, बायका डोक्यावर घडी ठेवतात. संकोच जाणार नसेल तर ‘काशिकिरी’ विचारा, म्हणजे तासाभराच्या आत-बाहेर तुमच्यासाठीच राखलेला हौद. पुष्कळ ठिकाणी असतो. आणि काल रात्री डावीकडे गेलात म्हणून सकाळी डावीकडे जाऊ नका, दोन्ही हौदांची कित्येकदा अदलाबदल करतात. दारावरच्या पडद्यावरचं अक्षर बघा. वर शेताच्या चार वाफ्यांची चौकट दिसली तर तो पुरुषांचा.

ते वस्त्र म्हणजे युकाता. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मृतांना नेसवतात. रयोकानमध्ये ते घालून जेवायलाही जाता येतं. शहरातल्या हॉटेलात मात्र तोच प्रकार म्हणजे रात्रीचे कपडे, त्यात न्याहारीला उतरू नका.

चपलांचे तीन मुक्काम. आपल्या दाराशी. आतल्या सपाता पॅसेजमध्ये, तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत शिरताना त्याही बाहेर. आणि संडासाच्या सपाता संडासातच, तिथल्या तिथे. माझे धाकटे दीर निक्कोला संडासातून जे निघाले ते तसेच जेवणाच्या दालनात, वीस पाहुण्यांमधून चालत आमच्या ताटांपर्यंत आले. सपाता हिरव्या रबराच्या होत्या, आणि दोन्हींवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘संडास’ असं लिहिलेलं होतं. तिथे सगळ्यांना जपानी वाचता येत होतं, एक ते सोडून.