वाचक विचारतात : पाकिटातलं चिकन आणि तेलाची पिशवी

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात जिवंत ब्रॉयलर १३० रुपये किलो आहे. तालुक्याच्या सुपरमार्केटात साफ केलेलं चिकन २३० रुपये. एवढा फरक कसा? आणि पाकिटातला माल चांगला हे ओळखावं कसं? (एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : जिवंत कोंबडी तोलताना पिसं, डोकं, पाय, आतडी सगळं तोललं जातं. दोन किलोची ब्रॉयलर कातडी काढून साफ केली की एक किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास उरते. म्हणजे २६० रुपयांत १.३ किलो, किलोला २०० रुपये पडले. खरा फरक ३० रुपयांचाच. कातडी ठेवली तर उतारा थोडा वाढतो. बोनलेसचंही असंच गणित आहे. रश्श्याच्या तुकड्यांत जवळपास तिसरा हिस्सा हाडं असतात, म्हणून दीडपट भावापर्यंत बोनलेस महाग नाही. रश्श्याला गोडी मात्र हाडांचीच.

थंड पाकीट फुगलेलं असेल किंवा तळाशी लालसर पाणी साचलं असेल तर घेऊ नका. घरी उघडल्यावर मांस बोटाला चिकट लागलं, आंबूस वास आला, तर धुऊन काही उपयोग नाही. गोठवलेल्या पाकिटात बर्फाचे मोठे खडे आणि एकमेकांना चिकटून झालेला गोळा दिसला, तर माल मधेच वितळून पुन्हा गोठलाय. आपल्याकडे लाइट तासन्‌तास जाते, तेव्हा हे बघाच. पांढरे, कोरडे डाग म्हणजे मांस फ्रीजरात सुकलेलं. खाऊन अपाय नाही, पण ते चिवट लागतं. हाडाजवळचा काळेपणा मात्र हाडातल्या मगजाच्या रंगाचा असतो, तो चालतो. एकदा गोठवलेलं चिकन फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवून पूर्ण वितळू द्या आणि पाणी निथळल्यावर तोला. किलोमागे दीडशे ग्रॅम घटलं, तर तेवढे पैसे पाण्याचे गेले.

पिवळं दिसलं की गावरान, असं समजू नका. मक्याच्या खाद्यानंही पिवळेपणा येतो. छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच कापतात, त्यामुळे ते कुरकुरीत असतं, वाकतं. मोठ्या गावरान कोंबडीचं टणक लागतं.

मे महिन्यात बाजार करताना चिकन सगळ्यात शेवटी घ्या आणि बर्फासोबत थर्माकोलच्या डब्यात आणा. दुचाकीच्या डिक्कीत तासभर राहिलं की चांगला मालही बिघडतो.

प्रश्न : ऑफरची तेलाची पिशवी खरंच स्वस्त असते का?

उत्तर : पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १३० रुपयांना ९१० ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅमला १४ रुपये ३० पैसे. शेजारची १२० रुपयांची पिशवी ८०० ग्रॅमची असेल तर १५ रुपये. स्वस्त दिसणारी महाग निघाली.

जाता जाता, सुट्या तूरडाळीत लाखोळीची (खेसारी डाळीची) भेसळ बघायची असेल तर मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा. तुरीची फाक गोलसर असते, लाखोळीची चौकोनी आणि एका बाजूनं उतरती.