तुमचे प्रश्न : हाताची किंमत कोण ठरवतं?

मागच्या अंकात मी पीडित नुकसानभरपाईवर जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे मारहाण, खून, अत्याचार अशा गुन्ह्यात ज्याला झळ बसली त्याला सरकारकडून पैसे मिळू शकतात एवढंच, आणि त्यावर जी पत्रं आली ती बघून मीच चाट पडले. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच, "किती मिळतील?" त्यातली सहा घेतलीत, नावं काढून टाकलीत.

ताई, बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने आमच्या वहिनीवर कोयता चालवला. डावा हात मनगटात कापला गेला, जोडलाय पण तीन बोटं हलत नाहीत. खाजगी दवाखान्यात 2 लाख 80 हजार गेले, दोन गाया होत्या त्यातली एक विकली. पोलिस म्हणतात निकाल लागला की बघू, गावातला एक जण म्हणतो सरसकट दहा लाख मिळतात. हे नक्की ठरवतं कोण? (सोलापूर जिल्हा)

पहिलं म्हणजे ते "निकाल लागला की बघू" डोक्यातून काढून टाका. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू पण येत नाही.

पैसे दोन खिशांतून येऊ शकतात. एक आरोपीचा, एक सरकारचा. आरोपीच्या खिशाचं कोर्ट ठरवतं, शिक्षा सुनावताना, आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 357 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 395. त्यात कोर्ट इजा किती, मागणी रास्त आहे का हे बघतं आणि आरोपीची ऐपत पण बघतं, म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यावर वीस लाखाचा आदेश काढून उपयोग काय, हप्ते पण पाडून देता येतात. पण दंडातून द्यायची रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हातात पडत नाही. पोलिस सांगतायत ते ह्या खिशाचं, आणि तेवढंच त्यांना माहीत असतं. सुप्रीम कोर्टाने 2013 मधे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका केसमधे सांगितलंय की प्रत्येक फौजदारी केसमधे भरपाईचा विचार झालाच पाहिजे आणि द्यायची की नाही त्याची कारणं निकालात लिहिली पाहिजेत. म्हणून सरकारी वकिलांना आधीच गाठून सांगून ठेवा, शेवटच्या तारखेला आठवण झाली तर राहून जातं.

दुसरा खिसा सरकारचा, जुनं 357-अ, आता 396. हे ठरवतं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, सगळे त्याला लीगल एड म्हणतात. वहिनी महिला आहेत म्हणून त्यांना 'नाल्सा'ची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 2018 ची योजना लागू होते, ती सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली आहे आणि कुठल्याही राज्याने त्यापेक्षा कमी द्यायचं नाही असं आहे. त्यात एक तक्ता आहे आणि प्रत्येक ओळीत किमान आणि कमाल आकडा आहे. जीव गेला तर 5 ते 10 लाख, बलात्कार 4 ते 7 लाख, अ‍ॅसिडने चेहरा विद्रूप झाला तर 7 ते 8 लाख. तुमच्या गावातल्या माणसाचे दहा लाख बहुतेक इथूनच आले असावेत.

वहिनींची ओळ अपंगत्वाची. कायमचं अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 2 ते 5 लाख, 40 ते 80 टक्के असेल तर 2 ते 4 लाख, 20 ते 40 असेल तर 1 ते 3, आणि 20 च्या खाली 1 ते 2. आता बघा, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या बोर्डाने अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर 38 लिहिलं आणि 42 लिहिलं ह्यात माणसाच्या हाताला काही फरक पडत नाही, पण ओळ बदलते आणि किमान रक्कम दुप्पट होते. म्हणून बोर्डापुढे जाताना जुने एक्स-रे, ऑपरेशनच्या नोट्स, फिजिओथेरपीची कार्डं सगळं घेऊन जा, आणि डॉक्टरांनी मूठ वळून दाखवा म्हटलं की भिडेखातर जोर लावून वळवू नका, जेवढी वळते तेवढीच दाखवा.

मग किमान आणि कमालच्या मधे नेमकी कुठे? तिथे खर्च, बुडालेलं काम, घरची परिस्थिती, आरोपीशी नातं, प्रकार एकदाच घडला की वर्षानुवर्षं चालू होता, असं सगळं बघतात. इथे बायकांचं हमखास नुकसान होतं कारण अर्जात व्यवसाय म्हणून "घरकाम" लिहितात आणि उत्पन्न निरंक. अहो, दोन गायांची धार कोण काढत होतं? डेअरीचं दुधाचं कार्ड काढा, हल्ल्याच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, लिटरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि गाय विकल्याची पावती जोडा, म्हणजे बोटं गेल्याने काय गेलं हे साहेबांना न बोलता कळतं. माझ्याकडे लोक येतात तेव्हा कापडाच्या दुकानातली एक पिशवी असते, त्यात रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं, आणि मेडिकलची बिलं मात्र फेकून दिलेली. फिकी पडणारी बिलं आजच्या आज झेरॉक्स करून ठेवा, त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.

अर्ज घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांच्या आत, उशीर झाला तर कारण देऊन माफ करून घेता येतो पण त्या भरवशावर बसू नका. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असं कायद्यातच आहे. आणि वहिनींचा इलाज अजून चालू असेल तर पोलिस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटचं सर्टिफिकेट घेऊन अंतरिम, म्हणजे अंतिम आदेशाआधीची तातडीची मदत मागा. मंजूर रक्कम सगळी हातात येत नाही हेही सांगून ठेवते, साधारण पाऊण भाग किमान तीन वर्षं एफडीत जातो, व्याज खात्यात येतं, आणि इलाजासाठी हवे असतील तर कारण दाखवून एफडी मोडायची परवानगी मागता येते.

भाचा नाइट शिफ्टवरून येताना मोबाइल हिसकावणाऱ्यांनी पोटात चाकू मारला. आरोपी सापडलेच नाहीत, पोलिसांनी कोर्टात 'ए समरी' पाठवली. म्हणजे आता फाइल बंद, काहीच नाही ना? (ठाणे)

उलट. 'ए समरी' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. खोटी तक्रार असेल तर 'बी' पाठवतात. तेव्हा तुमच्याकडे आहे तो पोलिसांनीच दिलेला कागद आहे की पोराच्या पोटात चाकू खरंच घुसला होता, त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून घ्या. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तर पीडिताने थेट लीगल एडकडे अर्ज करायचा ही सोय 396 मधे स्वतंत्र पोटकलम करून ठेवलीय. ह्या योजनेचं मूळच ते आहे, पकडणं हे सरकारचं काम होतं, ते जमलं नाही म्हणून पोराने इलाज स्वतःच्या खिशातून का करावा.

फक्त वर लिहिलेला तक्ता ह्याला लागू नाही, तो महिलांचा. पुरुषांना राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेखाली मिळतं. पोटातला चाकू बाईला लागला काय आणि बाप्याला लागला काय, आतडं तेच फाटतं, दोघांना वेगळे तक्ते कशाला हे मला आजवर पटलेलं नाही. असो. कंपनीकडून बुडालेल्या दिवसांचं पत्र घ्या, कंत्राटदार देत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट लावा, त्यात पगार कुठल्या महिन्यापासून थांबला ते दिसतं.

माझ्या मुलीच्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) केसमधे कोर्टाने मधेच काही रक्कम मंजूर केली होती, बँकेत ठेवलीय. आता आरोपी सुटला. शेजारच्या बाई म्हणतात पैसे परत करावे लागतील. झोप उडालीय. (एक आई)

शेजारच्या बाईंना चहा द्या आणि घरी पाठवा. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं आणि कोर्टाने तक्रारच खोटी होती असं म्हणणं वेगळं. वसुलीचा प्रश्न येतो तो दुसऱ्या प्रकारात. निकालपत्राची शेवटची पानं वकिलांकडून वाचून घ्या, सुटका कशामुळे झाली ते तिथे असतं. आरोपी सुटला तरी पीडितेच्या पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं, हे कायद्यात शब्दाला शब्द आहे. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत तर आरोपीचा पत्ता लागला नाही तरी द्या असं म्हटलंय, आणि आदेश झाल्यापासून 30 दिवसांत पैसे पोचले पाहिजेत. मूल अल्पवयीन असेल तर नाल्साच्या तक्त्यातला आकडा दीडपट धरायचा. अंतरिम रक्कम म्हणजे शेवटची रक्कम नाही, तेव्हा निकालात अंतिम भरपाईबद्दल काही लिहिलंय का तेही बघा. नोव्हेंबर 2024 मधे सुप्रीम कोर्टाने, परत महाराष्ट्रातूनच गेलेल्या केसमधे, सांगितलंय की लहान मुलं आणि महिलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमधे निकाल देताना सत्र न्यायालयाने भरपाईचा आदेश करावा. काहीच लिहिलं नसेल तर सरळ लीगल एडकडे जा. मुलीच्या नावावर 80 टक्के एफडी असेल ती सज्ञान होईपर्यंत, पण शाळेच्या खर्चासाठी त्यातून मागता येतं, फीची पावती लावा.

आणि मुलीला परत परत ऑफिसात नेऊ नका, अर्जाला आई चालते.

भावाचा जातीवरून खून झाला. अ‍ॅट्रॉसिटीखाली समाजकल्याणकडून अर्धे पैसे आले, बाकीचे निकालानंतर असं तोंडी सांगतात. (मराठवाडा)

तोंडी सांगतात ना, मग लेखी मागा. खुनाच्या केसमधे 8 लाख 25 हजार, अर्धे पोस्टमॉर्टेमनंतर आणि उरलेले अर्धे चार्जशीट कोर्टात गेल्यावर. इथे निकालाचा काही संबंध नाही. शिवाय विधवा पत्नीला किंवा अवलंबितांना महिना 5 हजार मूळ पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण आणि घरातल्या एकाला नोकरी हे त्याच नियमांत आहे आणि तेच कोणी सांगत नाही. चार्जशीटच्या पहिल्या पानाची नक्कल जोडून समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे अर्ज टाका, एक प्रत कलेक्टर ऑफिसला. विधी सेवाकडे वेगळा अर्ज करणार असाल तर हे मिळालेले पैसे त्यात लिहा, लपवू नका.

मुलगा इंग्लंडमधे नोकरीला आहे, रात्री रस्त्यात टोळक्याने मारलं, जबडा आणि हात मोडला. तिकडे असं काही असतं का? (कोथरूड)

असतं, आणि आपल्यापेक्षा फार आधीपासून, 1964 पासून. ग्लासगोला त्यांचं एक ऑफिस आहे, क्रिमिनल इंज्युरीज काँपेन्सेशन अथॉरिटी. ते इजेचा दरतक्ताच छापतात, कुठलं हाड, बरं झालं की व्यंग राहिलं, त्याप्रमाणे 1 हजार पौंडांपासून अडीच लाखांपर्यंत आणि सगळं मिळून जास्तीत जास्त 5 लाख. गंमत म्हणजे दोन इजा असतील तर दोन्ही पूर्ण धरत नाहीत, सगळ्यात मोठीचे 100 टक्के, दुसरीचे 30, तिसरीचे 15, म्हणजे जबडा आणि हातातलं जे वरच्या दराचं ते पूर्ण आणि दुसरं तीस टक्क्यांनी. बुडालेला पगार पहिले 28 आठवडे धरतच नाहीत. अतिशय कोरडं वाटतं, पण एक आहे, आपलं काय ठरणार ते माणसाला आधीच घरबसल्या तक्त्यात बघता येतं, आपल्याकडच्या "4 ते 7" मधे ती सोय नाही.

तो तिथे रीतसर राहतोय म्हणून नियमात बसतो, फिरायला गेलेला असता तर अवघड होतं. पोलिसांत लगेच कळवलेलं हवं, अर्ज दोन वर्षांच्या आत, आरोपीला शिक्षा झालेली असायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे, तेव्हा टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्यांना आधी दूर ठेवा. नाही म्हणाले तर 56 दिवसांत फेरतपासणी मागायची. आणि मुलाला विचारा, हाणामारीत त्याने पण हात उचलला होता का, कारण तसं पोलिसांच्या कागदात असेल तर रक्कम कापतात किंवा देतच नाहीत.

सरकारी भरपाईचा अर्ज केला तर "तडजोड केली" असं होतं का? आरोपीचे नातेवाईक गावभर तसंच सांगत फिरतायत. (नाव नको)

नाही. त्यांच्याकडून पारावर बसून पाकीट घेतलंत आणि साक्ष फिरवलीत तर ती तडजोड, आणि खुनाच्या किंवा खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात ती कायद्याला मान्यच नाही. लीगल एडचे पैसे सरकारचे आहेत, उलट सरकार ते नंतर आरोपीकडून वसूल करायला जाऊ शकतं, म्हणून तर त्या नातेवाइकांच्या पोटात दुखतंय. साक्षीत उलटतपासणीला वकील विचारतील "पैसे मिळाले का?", तेव्हा न घाबरता हो म्हणायचं, कुठल्या ऑफिसकडून ते सांगायचं, बास. वकील परवडत नसेल तर लीगल एडच्या 15100 ला फोन करा, फुकट लागतो. अर्ज स्वतः नेऊन द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, जेवणाची सुट्टी झाली तरी.