रेडिएशनचा थकवा आणि संमोहन

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू आहे. रात्री झोप होऊनही दुपारपर्यंत ती पार गळून जाते आणि घरचे ‘मन खंबीर कर’ म्हणतात. संमोहन आणि समुपदेशन एकत्र घेतल्यास हा थकवा कमी होतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होय, कमी होऊ शकतो. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील गाय माँटगोमेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या २०० स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला संमोहनासह सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर बोलून काम करणारी उपचारपद्धती दिली, तर दुसऱ्या गटातील स्त्रियांशी केवळ आस्थेने संवाद साधला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचा थकवा रेडिएशन संपताना कमी होताच, पण सहा महिन्यांनंतरही तो कमीच होता. हा फरक निव्वळ आपुलकीने पडलेला नव्हता, म्हणून मला हा अभ्यास मोलाचा वाटतो.

या दोन्ही पद्धतींचे काम वेगवेगळे आहे. ‘आज माझ्याच्याने काहीच होणार नाही’ असा विचार आला की माणूस दिवसभर पडून राहतो आणि पडून राहिल्याने थकवा आणखी वाढतो. सीबीटीमध्ये असे विचार लिहून काढून तपासले जातात आणि कामे झेपतील तशी विभागली जातात. संमोहनात रुग्ण जागा असतो, त्याला सारे कळत असते. शरीर सैलावलेल्या, एकाग्र अवस्थेत त्याला ताजेपणाच्या आणि स्वस्थतेच्या सूचना दिल्या जातात, आणि सरावाने त्या स्वतःला देणेही जमते.

मात्र हा थकवा मनाच्या कमकुवतपणातून आलेला नाही, हे घरच्यांना अवश्य सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, वेदना आणि झोप यांची तपासणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधी करून घ्या, आणि त्यांच्या संमतीने रोज थोडे चालणेही सुरू ठेवा, कारण व्यायामाचा उपयोग भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. पूर्वी भ्रम किंवा भास होण्याचा आजार झालेला असल्यास मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन घेऊ नये.

यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले आणि कर्करुग्णांसोबत काम केलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधावेत. संमोहनाने गाठ विरघळेल असे सांगणाऱ्याकडे मात्र पुन्हा जाऊ नका.