माझ्यामुळे त्याचा मेंदू बिघडला का, मॅडम?

नागपूरच्या मानेवाड्याहून आलेल्या एका आईने खुर्चीत बसता बसता हेच विचारलं. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. कुकरच्या शिट्टीनेही दचकतो, शाळेच्या फाटकाशी तिची ओढणी सोडत नाही, रात्री जाग आल्यावर आई दिसली नाही तर घर डोक्यावर घेतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो चार महिन्यांचा असताना बाबांना मोठा अपघात झाला. ही नवऱ्याजवळ दवाखान्यात, बाळ शहरातल्याच महाल भागात आजीकडे. असे जवळजवळ दोन महिने गेले. आणि आता तिने मोबाइलवर पाहिलं, की आईपासून दूर ठेवलेल्या उंदराच्या पिल्लांचा मेंदू नीट वाढत नाही. "तेव्हापासून मी धड झोपली नाही, मॅडम. माझ्याच्यानंच झालं ना हे?"

"तसं काही नसतं हो," असं म्हणून मी हा प्रश्न उडवून लावत नाही. प्रयोग खरे आहेत. जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे पिल्लांना रोज तीन-तीन तास आईपासून दूर ठेवलं, तर त्यातली बरीच मोठेपणी जास्त घाबरट होतात. ताण आला की शरीरात एक संप्रेरक सुटतं, माणसात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. ते पुरेसं झालं हे ओळखून थांबवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. त्यासाठी तिथे संप्रेरक टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते कमी असले की ताण उशिरा ओसरतो.

पण व्हिडिओने पुढचं सांगितलंच नव्हतं. संशोधक सीमोर लेव्हाइन यांना १९५७ च्या सुमारास दिसलं, की रोज काही मिनिटंच बाजूला काढलेली पिल्लं उलट मोठेपणी ताणाला जास्त शांतपणे सामोरी जातात. पिल्लू परत आल्यावर आई त्याला भरपूर चाटते, हे त्याचं एक कारण असावं. मॉन्ट्रियलमध्ये मायकल मीनी आणि सहकाऱ्यांनी याच चाटण्याचा माग काढला. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढवली, तर ती त्या पालक आईच्या पिल्लांसारखी शांत झाली. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं, की या चाटण्याने, ते ग्राहक बनवणारं जनुक किती काम करेल हे ठरवणाऱ्या त्याच्यावरच्या रासायनिक खुणाही बदलतात. इतर प्रयोगांत तर एकट्या पिल्लाला ओल्या ब्रशने कुरवाळल्यावरही त्याचा ताण उतरला.

इथे मी तिला विचारलं, "ते दोन महिने बाळाला कोण बघत होतं?" आजी. रोज तेल लावून मालिश, आंघोळ, मांडीवर झोपवणं, रात्री कुशीत घेणं. त्या पिंजऱ्यातल्या पिल्लांजवळ त्या तीन तासांत कोणी मोठं नव्हतं. तुमच्या बाळाजवळ आजी होती, हे मी तिला दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे ती रडली.

उंदराचं पिल्लू माणसाच्या बाळापेक्षा फार अपक्व जन्मतं. त्याच्या मेंदूच्या वाढीचा जो टप्पा जन्मानंतर येतो, तो आपल्या बाळात बराचसा पोटातच पार पडतो. त्यामुळे दिवसाला दिवस लावून हिशेब करता येत नाही. या मुलाची भीती त्या दोन महिन्यांमुळेच आहे, असं मी म्हणू शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते आजचं घर. आणखी एका प्रयोगात आईला दूर नेतच नाहीत, फक्त घरट्याचं साहित्य फार थोडं देतात. आई तिथेच असते, पण बेचैन. पिल्लांकडे येते, मध्येच सोडून जाते, पुन्हा येते. अशा तुटक, बेभरवशाच्या काळजीनेही पिल्लांच्या मेंदूवर परिणाम होतो. अपराधीपणापायी या घरात तसंच काहीसं चाललं होतं. एक दिवस मागेल ते हातात, दुसऱ्या दिवशी ओरडा, मग मिठी मारून माफी. शाळेत सोडताना तो रडू नये म्हणून त्याला न सांगता निघून जाणं. हे मात्र बदलता येण्यासारखं होतं.

आधी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कान आणि झोप तपासली, सगळं ठीक होतं. मग फाटकाशी रोज तेच एक वाक्य ठरलं: "साडेबाराला मी इथंच उभी राहीन." आणि साडेबारा म्हणजे साडेबाराच. रात्री आई किंवा बाबा, ज्याची पाळी असेल त्याने पाठ चोळून द्यायची, गोष्ट सांगायची. चिडचिड झाली तर आईने पाणी पिऊन यायचं, पण "आलेच" असं सांगून. लहानपणी आईपासून दूर ठेवलेल्या उंदरांना पुढे प्रशस्त, खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात सोबतीने वाढवलं, तर त्यांची ताणाची प्रतिक्रिया सावरते असंही दिसलं आहे. म्हणून संध्याकाळी बागेत, शेजारच्या पोरांबरोबर मातीत खेळणं हेही उपचारातच धरलं.

चार महिन्यांनी फाटकावरचं रडणं सोमवारपुरतं उरलं आहे. रात्री अजून उठतो, पण हाक मारून पुन्हा झोपतो. कुकरला अजून दचकतो. दिवाळीच्या आधी तिघांनाही बोलावलंय. फटाक्यांचे दिवस कसे काढायचे ते या वेळी त्याच्याशीच बोलून ठरवू. आजींनाही आणा म्हटलंय.