रोस्टर बदलल्याचा फोन आणि सही केलेला करार

सोलापूर

चि. कन्येस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला विमान कंपनीतल्या नेमणुकीचा करार मी सावकाश वाचला. पगार, बाँड आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, खर्च या कलमांना तू लाल खुणा केल्या आहेस आणि त्यांबद्दलच्या तुझ्या शंका योग्यच आहेत. परंतु ज्या वाक्यापाशी मी थांबलो, त्याला तू खूण केलेली नाहीस. कामकाजाच्या गरजेनुसार रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, केव्हाही बदल करण्याचा अधिकार कंपनीस राहील आणि तो बदल मान्य करणे वैमानिकास बंधनकारक असेल, असे ते वाक्य आहे. तुझी झोप, तुझ्या घरचे सणवार आणि तुझ्या सुट्टीच्या दिवशी वाजणारा फोन हे सारे पुढे याच वाक्यावर अवलंबून राहणार आहे, म्हणून हे पत्र त्याच्यापुरतेच लिहितो.

बरोबरीचे तुला सांगतील की काळजीचे कारण नाही, एफडीटीएल, म्हणजे उड्डाण व ड्यूटीच्या तासांची मर्यादा घालणारे नियम, आपले रक्षण करते. हे अर्धेच खरे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेले नियम दिल्ली उच्च न्यायालयातील लढ्यानंतर दोन टप्प्यांत लागू झाले. १ जुलै २०२५ पासून सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीच्या कामाची बंधने आली: मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ रात्र धरायचा आणि त्या काळात सहांऐवजी दोनच लँडिंग द्यायची. ही बंधने मौल्यवान आहेत, पण ती फार तर किती काम घेता येईल एवढेच सांगतात. त्या मर्यादेच्या आत तुझा शनिवारचा ऑफ काढून मंगळवारी दिला, पहाटेची ड्यूटी संध्याकाळी ढकलली किंवा दोन सेक्टर, म्हणजे दोन उड्डाणे, संपल्यावर तिसरा माथी मारला, तर एफडीटीएलचा भंग होतोच असे नाही. तो दिवस तुझा होता की कंपनीचा, याचे उत्तर फक्त करारात मिळते.

मर्यादेची थट्टा करणारी माणसे तुला भेटतील, म्हणून मंगळूरची आठवण करून देतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान तेथील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मरण पावले. कमांडर त्या उड्डाणात दीड तासाहून अधिक काळ झोपला होता आणि जागा झाल्यावर त्याची निर्णयशक्ती मंद राहिली असावी, असे चौकशीत नोंदवले गेले. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० माणसे गेली, त्यानंतर तिथल्या विश्रांतीच्या नियमांची फेरमांडणी झाली आणि ४ जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू झाले. त्यांत दोन ड्यूट्यांमध्ये किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यांतील आठ तास अखंड झोपेची संधी अनिवार्य आहे, तर उड्डाणास निघण्यापूर्वी उद्भवलेल्या अनपेक्षित अडचणीमुळे ड्यूटी लांबवायची झाल्यास ती दोन तासांपर्यंतच आणि कमांडरच्या संमतीनेच लांबवता येते. ती संमती मागितली जाते, गृहीत धरली जात नाही, हे ध्यानात ठेव.

आता डिसेंबर २०२५ कडे पाहा. रात्रीचे नवे नियम लागू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नियमांनुसार लागणारे वैमानिक रोस्टरवर पुरेसे नव्हते. ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. त्याच दिवशी डीजीसीएने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही आपली सूचना मागे घेतली आणि त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही कलमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. प्रवाशांचे हाल पाहता सरकारपुढे दुसरा मार्ग होता की नव्हता, या वादात मी शिरत नाही. तुझ्यासाठी त्यातला महत्त्वाचा भाग एवढाच की नियामकाचा नियम नियामक एका पत्राने शिथिल करू शकतो, आणि ज्या दिवशी त्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवशी तो शिथिल होण्याचा संभवही सर्वांत जास्त असतो. दोन पक्षांनी सह्या केलेल्या करारातला तुझा ऑफ मात्र अशा सवलतीच्या पत्राने कंपनीच्या हाती जात नाही. म्हणून मी नियमाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, कराराचा आग्रह धरतो.

चांगला करार कसा असतो हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील वैमानिक संघटनांचे करार वाच. तिथल्या वैमानिकांनी १९३१ मध्ये आपली संघटना बांधली आणि १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला. या कायद्याखाली कराराची मुदत संपून तो गळून पडत नाही. नवी बोलणी पूर्ण होईपर्यंत जुन्या अटी चालूच राहतात. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कलमावर कलम चढत गेले. बहुतेक मोठ्या करारांत सक्तीच्या कामाची उतरंड ठरलेली असते: आधी स्वेच्छेने येणाऱ्यांना आणि राखीव वैमानिकांना बोलवायचे आणि कोणीच उरले नाही तरच ज्येष्ठतेच्या उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत कनिष्ठापासून, सक्ती करायची. सक्तीने घेतलेल्या ऑफबद्दल जादा दराने मोबदला किंवा बदली सुट्टी मिळते. मूळ फेरी रद्द करून दुसरी दिली तर दोन्हींपैकी जिचे वेतन जास्त, तेवढे मिळते. ऑफच्या दिवशी फोन उचलण्याचे बंधन सहसा नसते. हे शेवटचे कलम क्षुल्लक वाटेल, पण क्रू शेड्यूलिंगचा, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागाचा, नंबर पाहून छातीत धस्स होणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याची किंमत विचार.

अशा कराराचे बळ जुलै २०२२ मध्ये दिसले. अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणक प्रणालीतील बिघाडामुळे वैमानिकांना आपापल्या हजारो फेऱ्या सोडून देता आल्या. कंपनीने त्यांतील बऱ्याचशा पुन्हा त्यांच्या रोस्टरवर चढवल्या, संघटनेने ही एकतर्फी सक्ती करारात बसत नाही असे ठणकावले आणि अखेर दुप्पट मोबदल्यावर तडजोड झाली. विमाने उडाली, प्रवासी पोहोचले आणि चुकीची किंमत ज्याची चूक त्याने मोजली.

आपल्याकडे बहुतेक खासगी कंपन्यांत सामूहिक करार नाही. प्रत्येक जण आपापल्या नेमणूक पत्रावर एकटा सही करतो. तरीही काही आधार आहेत. वैमानिकाचा पगार मोठा म्हणून तो कामगार नव्हे, हा समज दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केलेला नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कामाचे तास, विश्रांती व वेतन अशा सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद होती आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. मात्र रोजचा रोस्टर बदल म्हणजे सेवाशर्तीतला बदल नव्हे, असा युक्तिवाद कंपनी करणारच, आणि तुझ्या करारातले ते वाक्य तिला त्यासाठी आयते हत्यार देते.

स्टँडबायचे, म्हणजे बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याचे, कलमही नीट वाच. सोलापुरात जुन्या गिरण्यांच्या दारात बदली कामगार सकाळी उभा राहत असे. काम मिळाले तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर हात हलवत घरी. माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे ती उभी राहण्याची तऱ्हा मी लहानपणी पाहिली आहे. तुझ्या स्टँडबायची तऱ्हा तशी होऊ नये. घरी राहून बारा तास फोनची वाट पाहणे हे कामच आहे. ते किती तास धरले जाईल, त्याचे पैसे किती आणि बोलावल्यापासून किती वेळात पोहोचायचे, हे लिहिलेले असलेच पाहिजे. गिरणीतल्या माणसाला कारखाना कायदा १९४८ च्या ५९ व्या कलमाने जादा कामाचे दुप्पट वेतन दिले होते. वैमानिकाला तो कायदा लागू नाही, म्हणून जादा उड्डाणाचा दर करारात आला नाही तर तो कुठेच नाही. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीत नेमका याच मुद्द्यावर असंतोष झाला: नव्या करारात ७० तासांच्या उड्डाणाऐवजी ४० तासांचे वेतन निश्चित धरले होते आणि त्यापुढचे सारे प्रत्यक्ष उड्डाणावर सोडले होते. त्या वर्षीच्या एप्रिलच्या सुरुवातीस वैमानिकांअभावी त्यांची अनेक उड्डाणे रद्द झाली.

आता प्रत्यक्ष फोनविषयी. रोस्टर बदलल्याचे कळवणारा माणूस बहुधा तुझ्याच वयाचा, स्वतःही रात्रपाळीत दमलेला असेल. त्याच्यावर आवाज चढवू नकोस. त्याला शांतपणे एकच विचार: ही विनंती आहे की आदेश? विनंती असेल तर नकार देण्याचा तुला हक्क आहे आणि कारण सांगण्याची गरज नाही. आदेश असेल तर तो लेखी मागव, रिपोर्टिंगची मूळ व बदललेली वेळ आणि फोन करणाऱ्याचे नाव डायरीत टिपून ठेव, आणि विश्रांतीचे तास स्वतः मोज, कारण संगणकाने हिरवी खूण दाखवली म्हणून तुझी जबाबदारी टळत नाही. आदेश नियमात बसणारा असेल आणि तू उडण्यास तंदुरुस्त असशील, तर तो करारात बसत नाही असे वाटले तरी उड्डाण कर आणि दुसऱ्याच दिवशी लेखी दाद माग. अमेरिकेतल्या संघटनाही आपल्या सभासदांना हेच सांगतात. अवज्ञेचा ठपका आला की मूळ तक्रार बाजूला पडते आणि चौकशी तुझीच सुरू होते.

याला अपवाद एकच, थकव्याचा. डोळे मिटत असतील, मागच्या ले-ओव्हरला, म्हणजे परगावच्या मुक्कामात, झोप लागली नसेल, तर मी थकलेली आहे आणि उड्डाणास योग्य नाही, असे स्पष्ट शब्दांत सांग आणि फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा अहवाल, भर. २०२४ च्या सुधारणेनुसार विमान कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांची माहिती दर तिमाहीला डीजीसीएला द्यायची असते, त्यामुळे तुझा कागद वाया जात नाही. पण तडजोड म्हणून पोट बिघडल्याचे कारण देऊ नकोस. खोट्या आजाराने त्या रात्रीपुरती सुटका होईल, परंतु रोस्टर माणसाला थकवतो आहे याची नोंद कुठेच होणार नाही. तसेच, थकलेली नसताना, केवळ ऑफ गेल्याच्या रागाने, हा शब्द कधीही वापरू नकोस. तो खऱ्या थकलेल्यांसाठी विश्वासाचा शब्द राहिला पाहिजे.

सगळ्यांनी मिळून आजारी पडायचे, जादा उड्डाण नाकारायचे, असे निरोप मोबाइलवर फिरतील. त्यांत पडू नकोस. १९९९ च्या अशाच सामूहिक आजारपणानंतर अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिक संघटनेला न्यायालयाने सुमारे साडेचार कोटी डॉलरचा भुर्दंड बसवला आणि २००१ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांना संगनमताने ओव्हरटाइम नाकारण्यापासून न्यायालयानेच रोखले. एअर इंडियातला २०१२ चा संप ५८ दिवस चालला, अनेकांना नोकरीवरून काढण्यात आले आणि ज्या संघटनेने तो केला तिची मान्यता गेली. संघटनेत जरूर जा, वर्गणी भर, बैठकांना बस. लढा मात्र उघड आणि कायदेशीर असू दे.

आपल्या गावाविषयी एक बोलतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी सोलापूरकरांनी फार वाट पाहिली. विमानांच्या मार्गात येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली आणि २०२५ मध्ये गोव्याची व मग मुंबईची नियमित सेवा सुरू झाली. उद्या तू इथे विमान घेऊन येशील आणि तुझी ड्यूटी संपल्याने परतीचे उड्डाण अडले, तर आपलीच माणसे तुझ्यावर चिडतील. त्यांचा राग खरा असेल. पण पुरेसे वैमानिक ठेवणे हे कंपनीचे काम आहे आणि ती तूट तुझ्या झोपेतून भरून काढणे त्यांच्याही हिताचे नाही, हे त्यांना समजावण्याची तयारी ठेव.

सही करण्यापूर्वी कंपनीला पत्र लिही. किती तास आधी रोस्टर बदलता येईल, गेलेल्या ऑफची भरपाई कशी होईल, रद्द उड्डाणाचे वेतन राहील का, जादा तासांचा दर काय आणि दाद कोणाकडे व किती दिवसांत मागायची, एवढे विचार. ते वाक्य काढतील असे मी म्हणत नाही. पण ‘केव्हाही’ च्या जागी ठरावीक मुदत घालून घेता आली तरी पुष्कळ मिळाले. २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षाची नोटीस द्यावी लागते, तेव्हा पटले नाही तर सोडून जाईन हा विचार आज सोपा वाटतो तितका पुढे सोपा नसेल. उत्तर ई-मेलवरच घे, तोंडी आश्वासनावर थांबू नकोस, आणि ते आले की मला पाठव. आपल्या इथल्या कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडून आपण दोघे ते वाचून घेऊ.

तुझा हितचिंतक,
एक निवृत्त कॅप्टन