बानावे नको, कियांगनला जा, आणि तारखा भाताला विचारून ठरवा

बीच सोडून फिलिपिन्सच्या एखाद्या शांत शेतीच्या गावात आई-बाबांना घेऊन चार दिवस राहायचंय, कंटाळा येईल का आणि शाकाहारी मिळेल का, असं विचारलंयत तुम्ही. आम्ही हेच केलं होतं, उत्तरेकडच्या डोंगराळ इफुगाव प्रांतातल्या कियांगन गावात, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

डोंगरातली भातखाचरं बघायला सगळे त्याच प्रांतातल्या प्रसिद्ध बानावेला पळतात. तुम्ही मनिलाहून रात्रीची बानावेची बस पकडा पण लागावेला उतरा, तिथून जीपनी (तिकडची शेअर जीप) किंवा ट्रायसिकल (साइडकार जोडलेली मोटारसायकल) करून कियांगनला जा, अगदी जवळ आहे. बसमध्ये एसी इतका सोडतात की स्वेटर, कानटोपी बॅगेत नाही, हातात ठेवा. रोख पैसे मनिलातच काढा.

आता मुख्य मुद्दा. लोक सुट्टी बघून जातात आणि मग म्हणतात काही खास नव्हतं. तिथला पारंपरिक भात, तिनावोन, वर्षातून एकदाच येतो (नावाचा अर्थच तो). फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लावणी असते, खाचरं पाण्यानी भरलेली, आणि जून-जुलैला कापणी. त्यानंतर वादळं, दरडी, आई-बाबांना घेऊन नकोच. कियांगनमधल्याच नागाकादानची खाचरं १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत पण तिकडे गर्दी नसते, बांधावरून चालायचं, चिखलात वाकलेल्या बायका बघायच्या, मला तर सारखं आमचं भोरकडचं आठवत होतं, फक्त इथे डोंगर संपेपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. बांध अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी घ्याच. गाईड 'दोन हजार वर्षं जुनी' म्हणतील. पण जुन्या कियांगनच्या जागी उत्खनन झालंय, त्यावरून तिथली भातखाचरं साधारण ४०० वर्षांपूर्वीची, स्पॅनिश आल्यानंतरची, असं संशोधक म्हणतात. मला हीच गोष्ट जास्त भारी वाटली, कारण मग एवढा डोंगर काही पिढ्यांतच कोरलाय.

बाबांना युद्धाचा इतिहास आवडत असेल तर, जपानी जनरल यामाशिता २ सप्टेंबर १९४५ ला इथेच शरण आला, स्मारक आहे, तासाभरात होतं.

जेवण. इथे खरी पंचाईत. 'गुलाय' म्हणजे भाजी, पण भाजीत डुकराचे तुकडे किंवा बागूंग (आंबवलेली कोळंबी, जवळा) असतोच, आणि 'नो मीट' म्हटलं की मासे चालतील असं समजतात. मुंगो म्हणजे मुगाचं पातळ कालवण, तेही विचारूनच घ्या. आम्ही पहिल्या दिवशी रात्री आठला जेवायला निघालो तर सगळं बंद, सारी-सारीतून (आपली किराणा टपरी) बिस्किटं आणून झोपलो. दुसऱ्या दिवसापासून राहत्या घरच्या बाईंना सांगून भात, अंडी, परतलेली भाजी करून घेतली. लोणचं आणि मेतकूट न्या.

कंटाळ्याचं म्हणाल तर संध्याकाळी करायला खरंच काही नसतं, बास्केटबॉल बघा. पण बाबांचं भारी जमलं. तिथे म्हातारे मोम्मा खातात, म्हणजे सुपारी, पान, चुना, आपलंच की. बाबांनी खिशातली चुन्याची डबी काढल्यावर ते आजोबा असे हसले, आणि मग दोघं तासभर बसले, एक मराठीत एक त्यांच्या भाषेत. फक्त थुंकताना पाट्या बघा, मोम्मा थुंकू नका असं लिहिलेलं असतं बऱ्याच ठिकाणी.